उजव्या पंखावरचा लाल दिवा

१

मामांचं तोंड उघडेना.

ताईनं दोनदा प्रयत्न केला. एका हातात रुमालात गुंडाळलेली कवळी होती, दुसऱ्या हाताचा अंगठा मामांच्या हनुवटीवर. लोकांची तोंडं उघडण्यातच हयात गेलेली दातांची डॉक्टर ती. पण सख्ख्या मामांच्या ओठांत फट होती तेवढीच, हनुवटी तसूभर हलेना. दगडात कोरल्यासारखी घट्ट.

कवळी तिनं आदल्या संध्याकाळीच दुरुस्तीला नेली होती. डाव्या हिरडीला टोचते, अशी मामांची तक्रार होती. "उद्या संध्याकाळी आणून देते," असं सांगून ती निघाली होती. आज कवळी घासून, चकचकीत करून पर्समध्ये टाकली आणि दवाखान्याचं कुलूप लावतानाच मामेभावाचा फोन आला. "ताई, बाबा गेले."

कवळीशिवाय मामा कुणासमोर येत नसत. दूधवाल्याशीसुद्धा तोंडावर हात धरून खुणेनं बोलत. म्हणून तिला वाटलं होतं, माणसं जमायच्या आत निदान एवढं तरी करावं.

तिनं त्यांची मान हलवून पाहिली. मान ताठ. कोपर सरळ करायला गेली, तर तेही हलेना. मेलेल्या माणसाचं अंग आधी जबड्यात आखडतं, मग मानेत, मग खाली हातापायांत. त्याला वेळ लागतो. घटकाभराचं ते काम नव्हे. हे अंग सकाळपासून निष्प्राण असलं पाहिजे.

बाहेरच्या खोलीत मामेभाऊ कुणाला तरी फोनवर सांगत होता, "अहो, तासाभरापूर्वी बोललो मी त्यांच्याशी! ऑफिसातून फोन केला होता. अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, संपलं बघ विमान."

ताईनं मामांच्या हनुवटीवरचा अंगठा हळूच काढून घेतला.

२

विमान खरंच संपलं होतं.

मामांची कामाची खोली म्हणजे घराच्या मागच्या अंगाची चिंचोळी खोली. एक दार घरात उघडे, दुसरं मागच्या जिन्यावर. घराकडच्या दाराला मामा काम करताना आतून कडी घालत. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, चिमटे, घासायचे कागद, ब्रशांचा पेला. आणि मधोमध ते दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बाँबर विमान, दोन्ही हात पसरले तर जेमतेम कवेत येईल एवढं.

या विमानाच्या शेपटीतल्या काचेच्या घुमटात मामांचे वडील बंदूक धरून बसत. एकदा उडालेलं ते विमान परत आलं नाही. तेव्हा मामा पाळण्यात होते. मोठेपणी त्यांनी वैमानिक व्हायचा घाट घातला, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. लाल आणि हिरवा त्यांना सारखेच दिसत. मग जन्मभर नकाशे काढायची नोकरी केली आणि निवृत्तीनंतर शेकडो तुकडे जोडत वडलांचं विमान उभं केलं.

काल संध्याकाळी ताईनं पाहिलं तेव्हा विमानाची मागची बाजू अजून राखाडी होती, शेपटीवरची अक्षरं चिकटवायची होती. आज सगळं जागच्या जागी. पाठीवर तपकिरी-हिरवे पट्टे, पोट काळं, शेपटीवर अक्षरं. उजव्या पंखाच्या टोकाला लाल ठिपका, डाव्या टोकाला हिरवा. तिनं हिरव्याला करंगळी लावली. बोटाला किंचित चिकट लागलं.

बैठकीच्या खोलीत मामेभावाचा आवाज चढला होता. सहा फुटी माणूस, पण घरात त्याला अजून छोटूच म्हणत. निरोप धाडून परत बोलावलेली सिस्टर त्याच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून मान खाली घालून ऐकत होती. रोज दुपारपासून मामांजवळ थांबायला नर्सिंग ब्यूरोनं पाठवलेली ही परिचारिका. घराची एक किल्ली तिच्याकडे असे.

"दुपारची गोळी दिली नाहीत. बाहेर बसून राहिलात. हेच काम का तुमचं?"

"कडी आतून होती, दादा. मी दार वाजवलं. आतून हं केल्यासारखं खोकले. काम चालू असताना आत यायचं नाही, असं त्यांनीच बजावलेलं. म्हणून मी दाराबाहेर बसले."

"ते काम करत होते कशावरून?" ताईनं विचारलं.

सिस्टरनं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते. "आवाज येत होता ना, मॅडम. पेल्यात ब्रश खळखळायचा, मग थांबायचा, पुन्हा खळखळायचा. सगळी दुपार."

छोटूनं तोंड फिरवलं. मामा सकाळीच गेले असतील, तर सगळी दुपार त्यांच्या शेजारी बसून ब्रश कोण धूत होतं?

३

अंत्यविधी उरकला, माणसं पांगली. पण ताईला चैन पडेना. दवाखान्यात एका पेशंटची भलतीच दाढ बधिर केली, मग त्याची माफी मागून दोन दिवस दवाखाना बंद ठेवला. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जायचं ते सुचेना.

त्यातच भावजयीचा फोन आला. ब्यूरोनं सिस्टरला कामावरून काढलं होतं, वर छोटू लेखी तक्रार देणार होता. एकदा ती तक्रार गेली की त्या बाईला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलेलं होतं आणि त्यात काही खोट नव्हती. घरच्या डॉक्टरांनी "आत्ताच बोलले होते" हे ऐकलं आणि जास्त न बघता सही ठोकली. हृदय बंद पडलं हे ताईलाही मान्य होतं. पण कधी बंद पडलं?

ती तडक मामांच्या घरी गेली. भावजय शाळेत चित्रकला शिकवायची. ताईच्या मनात पहिला संशय आला तो तिचाच. असे सफाईदार पट्टे ओढणारा हात घरात दुसरा कुणाचा होता?

"मी सकाळी शाळेत गेले तेव्हा बाबा चहा पीत होते," भावजय म्हणाली. "आले ती संध्याकाळीच. सिस्टर म्हणाल्या, आत काम चाललंय. त्या गेल्या. मग हे आले, दार वाजवलं, ओ मिळेना. मागच्या जिन्यानं आत गेले आणि ओरडले."

"मागचं दार उघडं होतं?"

"नुसतं लोटलेलं. कॅप्टन वरून उतरतात ना गप्पा मारायला, त्यांच्यासाठी."

बोलता बोलता दोघी कामाच्या खोलीत आल्या. रंगाच्या बाटल्यांची लाकडी घडवंची भिंतीला होती. भावजयीची नजर तिच्यावर पडली आणि ती थबकली.

"हे कुणी हलवलं?"

"काय?"

"ही घडवंची मी लावून दिली होती त्यांना. तपकिरी डाव्या टोकाला, हिरवा उजव्या. बाटल्यांवरची नावं ओघळांखाली कधीच बुजलीत, रंग पाहून त्यांना कळायचं नाही. जागेवरून ओळखायचे. एकदा मीच चुकून अदलाबदल केली, तर आठवडाभर अबोला धरला होता माझ्याशी!" तिनं दोन्ही बाटल्या उचलून दाखवल्या. "आता बघा. हिरवा डावीकडे, तपकिरी उजवीकडे."

ताईनं विमानाकडे पाहिलं. तपकिरीच्या जागी तपकिरी, हिरव्याच्या जागी हिरवा, कुठं गल्लत नाही. बाटल्या अशा ठेवणारे मामा नव्हेत. आणि घडवंची स्वतः लावणारी, एकदा त्यापायी अबोला सोसलेली भावजयही नव्हे. ज्याला रंग दिसतात पण ही शिस्त माहीत नाही, असा तिसराच हात.

"त्या दिवशी छोटू मामांशी सकाळी बोलला होता?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

भावजयीनं खिडकीबाहेर पाहिलं. "रविवारपासून बोलणंच बंद होतं दोघांचं. बाबा म्हणाले, विमानाचं शेवटचं थोडं काम तू कर. हे म्हणाले, जन्मात कधी त्या टेबलाजवळ उभं केलं नाहीत, आता कशाला? आणि…" ती थांबली. "पुढचं त्यांनाच विचारा, ताई."

४

पण त्याआधी ताई मागचा जिना चढून कॅप्टनकडे गेली. विमान उडवण्यात आयुष्य घालवलेला हा म्हातारा वरच्या मजल्यावर एकटाच राही. मामांचं विमान फ्लाइंग क्लबच्या दालनात ठेवायचं म्हणून तो वर्षभर त्यांच्या मागे लागला होता आणि मामा दर वेळी "आधी संपू दे" म्हणून त्याला वाटेला लावत. विमान संपण्याची सगळ्यांत जास्त घाई कुणाला असेल, तर ती त्याला.

"तुझ्या मामाला उचलून पलंगावर मी आणि छोटूनंच ठेवलं," कॅप्टन स्वतःहून म्हणाला. "खुर्चीत बसल्या बसल्या गेला. पण पोरी, गुडघे सरळ होईनात त्याचे. दाबून सरळ केले. मी म्हटलं छोटूला, हा आत्ताचा गेलेला नाही. तो म्हणाला, फोनवर बोललो. मग काय, मी गप्प बसलो."

"त्या दुपारी तुम्ही खाली गेला होतात?"

"क्लबात होतो. विचार कुणालाही." मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे माझ्यावर संशय? बरं बाई, घे."

"खाली चला. विमान बघायचंय ना तुम्हाला?"

कॅप्टन गुडघे धरत जिना उतरला. टेबलाजवळ आल्यावर त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. त्यानं चष्मा पुसला, शेपटीचा घुमट पाहिला, इंजिनं पाहिली, अक्षरं पाहिली. मग पंखांच्या टोकांकडे नजर गेली आणि तो विंचू चावल्यासारखा मागे सरकला.

"हे कुणी केलं?"

"का? काय झालं?"

"अगं, दिवे उलटे! लाल डाव्या पंखाला असतो, हिरवा उजव्या. जगात कुठल्याही विमानाला हेच. पहिल्या दिवशी शिकवतात! ब्रश दे मला, आत्ता पुसतो. असं विमान मी क्लबात नेलं तर पोरं हसतील, आणि खाली नाव तुझ्या मामाचं!"

ताईनं त्याचा हात धरला. "थांबा. डावं म्हणजे कुणाचं डावं?"

"कुणाचं म्हणजे? आत बसलेल्याचं. वैमानिकाचं."

ताई टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. विमानाचं नाक तिच्याकडे होतं. तिच्या डाव्या हाताला लाल दिवा, उजव्या हाताला हिरवा. इथं, टेबलाच्या याच बाजूला बसून कुणीतरी ते ठिपके दिले होते. लाल डावीकडे असतो एवढं त्यानं कधीतरी ऐकलेलं. पण डावी बाजू धरली ती स्वतःची.

तिचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. समोर पेशंट तोंड उघडून बसतो, तेव्हा त्याची डावी दाढ तिच्या उजव्या हाताला येते. शिकाऊ असताना ही चूक मोडून काढायला महिने लागले होते. सिस्टरचंही तेच. इंजेक्शन कुठल्या दंडाला, पट्टी कुठल्या पायाला, हे ती कधी स्वतःच्या हातावरून ठरवणार नाही. कॅप्टन तर झोपेतही चुकणार नाही. मामांना नियम पाठ होता, पण रंग दिसत नव्हते. भावजय रंगात चुकत नाही, जागेतही नाही.

मग उरलं कोण?

५

छोटू ऑफिसातून आला तेव्हा ताई बैठकीत बसली होती. शेजारच्या स्टुलावर कवळीची डबी.

"ही कुठं मिळाली?" त्यानं विचारलं.

"मिळाली नाही. माझ्याकडेच होती. मामा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपासून."

तो समोरच्या खुर्चीत बसला.

"दात नसताना मामांनी कधी फोन घेतला होता, छोटू? मला नेहमी सांगत, आत्ता बोलू नकोस, बोळकं आहे माझं. आणि तू म्हणतोस, अगदी खणखणीत म्हणाले, संपलं बघ विमान."

"तसंच… साधारण…"

"त्यांचा जबडा दगड झाला होता रे. तू फोन केलास म्हणतोस तेव्हा त्यांना जाऊन निम्मा दिवस लोटला होता. बाटल्या जागच्या हलल्यात. दिवे उलटे लागलेत. तू त्या खोलीत होतास. सगळी दुपार."

छोटू उठून उभा राहिला, दाराकडे गेला, परत आला. भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. तिला पाहून त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. तो जमिनीवरच बसला.

"रविवारी मला म्हणाले, दिवे तू लाव, मला लाल-हिरवं कळत नाही. मी म्हटलं, तुमचे वडील त्या विमानात मेले आणि तुम्ही त्यातच राहायला गेलात. मला बाप मिळालाच नाही. माझ्याकडे कशाला दिवे मागता?" त्यानं तळव्यांनी डोळे दाबले. "तीन रात्री झोप नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आलो, मागच्या जिन्यानं. म्हटलं, दोन ठिपके तर द्यायचेत. बघतो तर खुर्चीत… ब्रश हातात, मान खाली. अर्धी शेपूट राखाडी."

"मग हाक का नाही मारलीस कुणाला?"

"ठाऊक नाही. मी ब्रश काढून घेतला त्यांच्या हातातून. बोटं सुटत नव्हती. मग बसलो आणि रंगवायलाच लागलो. मध्येच सिस्टरनं दार वाजवलं, मी बाबांसारखा खोकलो. एकदा खोकल्यावर दार उघडता येईना. मग विमान संपल्याशिवाय उठताच येईना." तो ताईकडे वळला. आवाज एकदम खाली गेला. "ताई, मी नाडी पाहिली नाही. हात गार होता, एवढंच. ते जिवंत असतील तर? मी शेजारी बसून पट्टे ओढत होतो आणि ते…"

इतके दिवस हा माणूस सिस्टरवर का भुंकत होता, ते ताईला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात ते घातल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता.

"त्यांचं तोंड कसं होतं?" तिनं विचारलं.

"जरासं उघडं, फटीएवढं. मिटायला गेलो. हनुवटी हलली नाही."

"अगदीच नाही?"

"अजिबात नाही. म्हणून तर घाबरलो."

ताई त्याच्यासमोर खाली बसली. "मग ऐक. जिवंत माणसाचा जबडा असा होत नाही. नुकत्याच गेलेल्याचाही नाही. तू आलास त्याच्या कितीतरी आधी ते गेले होते. सकाळच्या चहानंतर लगेचच, बहुतेक. तुला काही करता आलं नसतं."

छोटूनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. भावजय येऊन त्याच्या शेजारी बसली, पण तिनं त्याला हात लावला नाही.

"आणि सिस्टरला?" ती म्हणाली. "तिलाही काही करता आलं नसतं. तिला कोण सांगणार?"

६

सिस्टर आईबरोबर एका खोलीत राहायची. ताई आणि छोटूला दारात पाहून तिनं आधी दार लोटायलाच घेतलं. मग ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. ती बाजूला झाली.

छोटूनं उभ्या उभ्याच सांगितलं. अडखळत, मध्येच गिळत, पण सगळं. सिस्टर भिंतीला टेकून ऐकत होती. हातातली ओली चादर तिनं पिळता पिळता तशीच धरली होती, फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"तो आवाज तुमचा होता?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"माझ्या डोक्यातनं जात नाहीये तो. आईला विचारा. मी झोपेतून उठून बसते. वाटतं, त्या दारावर एक जोराची थाप मारली असती, तर ते वाचले असते. मी मारली नाही. मीच मारलं त्या माणसाला."

"नाही," ताई म्हणाली. "तुम्ही कामावर यायच्या आधीच ते गेले होते."

सिस्टरनं डोळे मिटून घेतले. मग छोटूला म्हणाली, "बोलत होता का त्यांच्याशी, आत?"

"नाही."

"बोलायचं होतं. मी बाहेरच होते, पण ऐकलं नसतं." तिनं चादर बादलीत टाकली, हात पुसले आणि आपला फोन त्याच्यापुढे धरला. "ब्यूरोच्या बाईंना लावा. आईला ऐकू येईल असा, स्पीकरवर."

फोन लागला. छोटूनं स्वतःची ओळख सांगितली. "त्या तक्रारीबद्दल बोलायचं होतं. जरा गैरसमज झाला होता…"

"गैरसमज नाही," सिस्टर म्हणाली. "काय झालं ते सांगा."

"मी खोटं बोललो," तो म्हणाला, पण अगदी पुटपुटत.

"काय म्हणालात? ऐकू येत नाही," पलीकडून बाई म्हणाल्या.

खाटेवरची म्हातारी कोपरावर उठून बसली. छोटूनं तिच्याकडे पाहिलं, फोन तोंडाजवळ घेतला आणि तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणाला.